उरलेल्या बाटल्या

"एकच सांगते आई, तिच्या केसांना हात लावू नकोस," लेक फोनवर म्हणाली. मग गाडी किती वाजता पोचते, नात झोपताना कुठली चादर मागते, खोकला आला तर काय द्यायचं, असं सगळं एका दमात सांगून तिनं फोन ठेवला. केसबाई दुकानाच्या मागच्या खोलीत रिकाम्या खोक्यांच्या चळतीला टेकून उभ्या होत्या. जेवणाची सुट्टी संपायला सात मिनिटं होती. डबा अर्धा उरला होता, तो त्यांनी तसाच बंद केला. त्या एवढ्या मोठ्या दुकानात सगळे त्यांना केसबाईच म्हणत, अगदी मॅनेजरसुद्धा. सत्तावीस वर्षं त्या शाम्पूच्या काउंटरवर उभ्या होत्या. माणसाच्या केसांना हात लावायचा आणि त्यांना काय मानवेल ते सांगायचं, हेच त्यांचं काम होतं, आणि त्यात त्यांचा हात धरणारं त्या भागात कोणी नव्हतं. "शिंप्याला सांगावं ना, बाबा रे, कापड तेवढं धरू नकोस, तसं झालं हे," आपल्या काउंटरवर परतल्यावर त्यांनी शेजारच्या अत्तरवालीला हसत हसत सांगितलं. अत्तरवाली हसली नाही. "का बरं असं म्हणाली?" तिनं विचारलं. "आजकालच्या आया," केसबाई म्हणाल्या, "जिवाला फार लावून घेतात सगळं." आणि ओळीतच असलेली एक बाटली त्यांनी पुन्हा ओळीत लावली.

खरं तर बातमी आनंदाची होती. नात सहा वर्षांची झाली, तरी आजवर एकदाही आजीकडे एकटी राहिली नव्हती. वेळ पडली की लेक तिला मैत्रिणीकडे ठेवायची, शेजारणीकडे ठेवायची. एकदा तर पाळणाघरवालीच्या घरी चांगलं तीन दिवस ठेवलं, आणि ते केसबाईंना महिन्यानं कळलं. भांडण म्हणावं तर कधी झालं नव्हतं. झालं असतं तर बरं, मिटवता तरी आलं असतं. लेक वाढदिवसाला फोन करायची, गुडघ्याची चौकशी करायची, डॉक्टरकडे जा म्हणायची. वडील गेले तेव्हा पंधरा दिवस येऊन राहिली, सगळं निगुतीनं केलं आणि निघून गेली. बोलणं रीतसर, वागणं रीतसर. फोन ठेवला की दर वेळी केसबाईंना वाटायचं, आपण आत्ता एका चांगल्या वळणाच्या गिऱ्हाइकाशी बोललो. या खेपेला मैत्रीण आजारी, शेजारीण परगावी, जावई आधीच दौऱ्यावर, आणि लेकीलाही कामासाठी आठ दिवस जाणं चुकवता येईना. म्हणजे आपला नंबर नाइलाजानं लागलाय, हे न कळण्याइतक्या त्या भोळ्या नव्हत्या. पण नाइलाजानं का होईना, लागला होता. आठ दिवस धड गेले तर पुढच्या सुट्टीतही पोर येईल. धड गेले नाहीत तर विषय संपला, आणि तो संपला असं कोणी म्हणणारसुद्धा नाही.

दुपारची गर्दी सुरू झाली. लोक येतात आणि म्हणतात, मला एक चांगला शाम्पू द्या. औषधाच्या दुकानात जाऊन कोणी एक चांगली गोळी द्या म्हणतं का? केसबाईंचं बोलणं ठरलेलं होतं. शाम्पू निवडायचा टाळू बघून, कंडिशनर निवडायचा केस बघून. लोक नेमकं उलटं करतात. एकाच डोक्यावर टाळू तेलकट आणि टोकं कोरडी असू शकतात, हे कोणाच्या गावीच नसतं. तेल दिसलं की कडक शाम्पू आणून रोज खसाखसा चोळतात, बिचारी टोकं आणखी वाळतात, मग कंडिशनर थापतात तो नेमका टाळूवर, केस चपटे पडतात आणि दोष सगळा बाटलीचा. केसबाई आधी विचारत, शेवटचे कधी धुतलेत, पाणी जड आहे का, रंग लावता का. मग टाळूवर टिपकागदाचा तुकडा दाबत आणि उजेडात धरून तेलाचा डाग दाखवत. गिऱ्हाइकाला ते फार पटायचं. मग एक केस चिमटीत धरून बोटं वरून खाली नेत. नाजूक केस बोटांना लागतच नाही, त्याला जड कंडिशनर दिला की तो आडवा होतो. जाड केस दोऱ्यासारखा लागतो. रंगवलेला केस खरखरतो, त्याला सौम्य शाम्पूच हवा. एक गृहस्थ दर दोन महिन्यांनी येत, डोक्यावर मोजून वीस केस, आणि केसबाई त्यांनाही तितक्याच गंभीरपणे टिपकागद लावत. माणसाचा मान ठेवायला आपलं काय जातं, असं त्या अत्तरवालीला म्हणत. त्या दिवशी मात्र तीन गिऱ्हाइकांना हात लावताना त्यांनी तीनदा मनात म्हटलं, हात लावू नकोस. चौथ्या वेळी हात खरंच अर्ध्यावर थांबला आणि समोरची बाई म्हणाली, "काय झालं, कोंडा आहे का?"

साडेतीनच्या सुमाराला एक आई सात-आठ वर्षांच्या मुलीला घेऊन आली. मुलीचे कुरळे केस ओढून ओढून घट्ट वेणीत कोंबले होते, इतके की भुवया वर ताणलेल्या. "हिचं काय करू तेच कळत नाही," आई म्हणाली, "रोज सकाळी घरात रडारड." केसबाईंनी वेणीचं रबर सोडलं, आणि मग तोंड आपोआप सुरू झालं. असे केस कोरडे विंचरायचे नाहीत, कधीच नाही. टाळूचं तेल वळणावळणांतून खाली पोचत नाही, म्हणून हे केस मुळातच तहानलेले असतात. रोज शाम्पू नको, आठवड्यातून एक-दोनदा, तोही सौम्य. कंडिशनर भरपूर, आणि तो केसांत असतानाच गुंता सोडवायचा, आधी बोटांनी, मग मोठ्या दातांच्या कंगव्यानं, खालून सुरुवात करून वर. "मुलांना फार दुखतं हो," केसबाई म्हणाल्या, "त्यांना सांगता येत नाही." मुलगी आपल्या आईकडे बघून शांतपणे म्हणाली, "मी सांगत होते." आई हसली. "अगं, मला कुठं माहीत होतं?" आता केसबाईंचं पुढचं वाक्य यायचं होतं. कुणालाच माहीत नसतं हो ताई, म्हणून तर आम्ही उभ्या आहोत. हजारदा म्हटलेलं वाक्य. ते त्यांना म्हणवेना, कारण कुणालाच माहीत नसतं हे खोटं होतं. त्यांना माहीत होतं. काउंटरवर लागल्याच्या पहिल्या महिन्यातच त्यांना एक जाडसर पुस्तिका पाठ करायला दिली होती, तिच्यात सगळं चित्रांसकट होतं, आणि तेव्हा लेक सात वर्षांची होती.

ती पुस्तिका त्या रात्रंदिवस घोकायच्या, आणि सकाळी सातला दहा मिनिटं कमी असताना लेकीला स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसवून बारीक दातांच्या कंगव्यानं तिचे कोरडे केस विंचरायच्या. सव्वासातला बस. दुकानाचा नियम, काउंटरवरच्या बाईचे केस चापूनचोपून बसलेले हवेत, त्यात वीस मिनिटं जायची, मग लेकीच्या वाट्याला दहा उरायची. "मान सरळ." "हलू नकोस." "किती ग झिपरी तू." घरात तिचं नावच झिपरी पडलं होतं. शाळेत घ्यायला गेल्या तरी गेटवरून तशीच हाक मारायच्या, आणि लेक मैत्रिणींत उभी असली की दोन हाका ऐकू न आल्यासारखं करायची. ते केस केसबाईंच्या माहेरचे नव्हते. ते नणंदेचे होते, अगदी हुबेहूब. केसबाईंच्या लग्नानंतरची पाच वर्षं नणंद त्यांच्याच घरात राहिली, कपाटाच्या किल्लीपासून मिठाच्या डब्यापर्यंत प्रत्येक गोष्टीत तिनं नाक खुपसलं, आणि ती गेली तेव्हा केसबाईंनी सुटकेचा निःश्वास टाकला. वर्षभरानं मुलगी झाली, आणि तिचं जावळ वाढायला लागलं तसं एकेक वळण दिसू लागलं. आपण रोज सकाळी नेमके कोणाचे केस ओढत होतो, हा प्रश्न केसबाईंनी स्वतःला आजवर विचारला नव्हता. समोरची आई आता दोन बाटल्या हातात धरून विचारत होती, यातली कुठली. "ही," केसबाई म्हणाल्या.

मुलगी आणि तिची आई गेल्या, तरी ती दुपार पुढे सरकेना. त्यांना घरची बाथरूम दिसायला लागली. खिडकीच्या कट्ट्यावर बाटल्यांची रांग. काउंटरवर नमुन्याच्या बाटल्या असतात, गिऱ्हाइकाला वास द्यायला, हातावर थेंब द्यायला. महिनाअखेरीला त्यांत जे उरेल ते कामावरच्या बायकांनी घरी न्यावं, अशी तिथली जुनी रीत. केसबाई आपल्या काउंटरवरच्या न्यायच्या. स्वतःचे केस सरळ आणि दणकट, त्यांना काहीही चालायचं. उरलेलं सगळं लेकीच्या डोक्यात. एका महिन्यात तेलकट टाळूसाठीचा, दुसऱ्या महिन्यात रंगवलेल्या केसांसाठीचा, एकदा तर कोंड्यावरचा सलग तीन महिने, कारण तो कोणी घेईना म्हणून फार उरला होता. कंडिशनर क्वचितच, कारण तो गिऱ्हाइकं संपवायची. दिवसभर अनोळखी बायकांना म्हणायचं, हे खास तुमच्यासाठी, आणि संध्याकाळी घरी येऊन पोटच्या पोरीच्या डोक्यात जे कोणाचंच नाही ते ओतायचं. केस आणखी पिंजारले की म्हणायचं, कितीही चांगलं लावा, हिच्या केसांना गुण म्हणून नाही. असल्या शाम्पूनं टाळूला खाज सुटायची, लेक वर्गात डोकं खाजवायची, बाईंची चिठ्ठी यायची, आणि चिठ्ठी वाचून पुन्हा कोंड्यावरचाच शाम्पू. दुसऱ्या कोणी हे सांगितलं असतं, तर केसबाईंनी कपाळावर हात मारून घेतला असता.

आणि मग ते वाक्य. ते त्यांनी इतकी वर्षं बरोबर चुकवलं होतं. त्या संध्याकाळी दार उघडलं तर लेक समोर उभी, तेरा वर्षांची, डोक्यावर बोटभर केस, तेही कुठं जास्त कुठं कमी. कापलेले केस तिनं बाथरूममध्ये वर्तमानपत्रावर नीट गोळा करून ठेवले होते. ती घाबरली नव्हती, रडली नव्हती. ती फक्त आईच्या तोंडाकडे बघत होती. केसबाईंनी पर्स खुंटीला अडकवली आणि म्हणाल्या, "बरं झालं. रोजची कटकट गेली." एवढंच. ओरडल्या असत्या, एक थोबाडीत दिली असती, तर लेकीला कळलं असतं की आईचं काहीतरी कापलं गेलं. पण त्यांना मनापासून बरं वाटलं होतं. सकाळची दहा मिनिटं मोकळी झाली, या आनंदात त्या जेवायला बसल्या होत्या. लेकीनं वर्तमानपत्राची घडी घातली, ती स्वतः कचऱ्यात नेऊन टाकली, आणि पुढे शिकायला बाहेर पडली तरी केस कधी वाढवलेच नाहीत. तिनं दुसरंही काही वाढवलं नाही, मैत्री नाही, हट्ट नाही, निदान आईसमोर तरी नाही.

शुक्रवारी काम संपल्यावर केसबाई काउंटरच्या आतून बाहेर आल्या आणि गिऱ्हाइकासारख्या फळीसमोर उभ्या राहिल्या. नातीसाठी काहीतरी घ्यावं, निदान घरात असावं. एक बाटली उचलली, ठेवली. दुसरी उचलली. टाळू कशी आहे नातीची? माहीत नाही. केस नाजूक की जाड? फोनवरच्या फोटोत कुरळे दिसतात, पण बोटांना कसे लागतात? हात लावून बघितलेलेच नाहीत. गेल्या खेपेला, अडीच वर्षांपूर्वी, भेटली तेव्हा डोक्यावर लोकरी टोपी होती, आणि ती टोपी घरातही का काढली नाही, हे आता कळत होतं. "घेऊन टाका ना एखादी," अत्तरवाली पाठीमागून म्हणाली, "लेकरू का विचारणार आहे कुठली आहे म्हणून?" "तेच केलं ग मी आजवर," केसबाई म्हणाल्या. अत्तरवालीला काही कळलं नाही, पण तिनं पुढे विचारलंही नाही, त्या बाबतीत ती शहाणी होती. केसबाई रिकाम्या हातानं घरी गेल्या. घरी जाऊन त्यांनी बाथरूमच्या कट्ट्यावरच्या सगळ्या अर्ध्या बाटल्या पिशवीत भरल्या आणि खाली नेऊन टाकल्या. मग कट्टा पुसला, आणि तो पुसून झाल्यावर आता पुढे काय, ते त्यांना कळेना.

शनिवारी अकराला दोघी आल्या. लेकीला दुपारी पुढची गाडी होती. दार उघडल्याबरोबर केसबाईंना दिसले ते लेकीचे केस. खांद्यापर्यंत आलेले, काळेभोर, प्रत्येक वळण सुटं आणि चमकदार. एकवीस वर्षांत पहिल्यांदा वाढलेले. किती सुंदर, असं त्यांना वाटलं, आणि हे आपण तिच्या लहानपणी एकदाही म्हटलं नाही, हेही त्याच क्षणी वाटलं. तोंडातून निघालं ते एवढंच, "केस वाढवलेस." "हो, दोन वर्षं झाली," लेक म्हणाली आणि बूट काढायला वाकली. नात घरभर फिरली, खिडक्या उघडून बघितल्या, पलंगाची उशी हुंगली. मग तिनं आपल्या पिशवीतून एक सॅटिनचं फडकं काढलं, डोक्याला गुंडाळलं, पुढे गाठ मारली आणि आजीला दाखवलं. "झोपताना असं बांधायचं, म्हणजे गुंता होत नाही. मी स्वतः बांधते. आईनं शिकवलं." "कधी शिकवलं?" आजीनं विचारलं. "या आठवड्यात. तुझ्याकडे यायचं होतं ना, म्हणून." पोर ते इतक्या अभिमानानं म्हणाली की केसबाईंनी मान डोलावली आणि "छान बांधलंस" म्हणाल्या. सहा वर्षांच्या मुलीनं आपल्या हातापासून वाचायला गाठ मारायला शिकावं, याचं त्यांना इतकं वाईट वाटलं की त्या पाणी आणायच्या निमित्तानं आत गेल्या आणि नळ नुसताच सोडून उभ्या राहिल्या.

लेक त्यांच्या पाठोपाठ आत आली. "आठ दिवस नाही धुतले तरी चालतात तिचे," ती म्हणाली. "तू त्याची काळजी करू नकोस."

"चालतात, मला माहीत आहे," केसबाई म्हणाल्या. "पण हात लावू नकोस म्हणालीस, ते काही त्यासाठी नाही."

लेकीनं नळ बंद केला. "नाही," ती म्हणाली. "मी केस कापले होते, तेव्हा तू काय म्हणाली होतीस, आठवतं तुला?"

इतक्या वर्षांपूर्वीचं कोणाला आठवतं बाई, असं म्हणणं सोपं होतं. लेक त्याचीच वाट बघत असावी, तिच्या चेहऱ्यावर ते आधीच लिहिलेलं होतं. "बरं झालं, रोजची कटकट गेली," केसबाई म्हणाल्या. "असं म्हणाले. आणि नुसतं म्हणाले नाही, मला बरं वाटलं होतं खरंच. तुझे केस वाईट नव्हते ग. मी दुकानातलं उरलंसुरलं तुझ्या डोक्यात घालत होते. कुठला शाम्पू, कोणासाठीचा, बाटलीसुद्धा वाचत नव्हते. कोरडे विंचरत होते. आणि मला सगळं माहीत होतं. चुकले मी."

लेक ओट्याला टेकून उभी राहिली. "मला वाटलं होतं, तू म्हणशील, असं कुठं म्हणाले मी," ती म्हणाली. "त्यापुढचं सगळं मी ठरवून आले होते. गाडीत दोनदा मनात बोलूनही बघितलं." मग तिनं घड्याळ बघितलं, बाहेर गेली, आणि बॅगेतून दोन बाटल्या आणि मोठ्या दातांचा एक लाकडी कंगवा घेऊन आली. "अडीच तास आहेत गाडीला," ती म्हणाली. "माझे धू. मग बघू."

बाथरूममध्ये लेक स्टुलावर बसली, मान मागे टाकून बेसिनच्या काठावर टेकवली आणि डोळे मिटले. केसबाईंनी पाणी आधी आपल्या मनगटावर घेऊन बघितलं. सत्तावीस वर्षांत हजारो डोकी झाली असतील, पण बोटं टेकवताना त्यांना नव्यानं कामाला लागल्यासारखी धास्ती वाटली. टाळू कोरडी होती, नाजूक, कानामागे तर फारच. तेलकट ती कधी नव्हतीच. त्यांनी शाम्पू नखं न लावता फक्त टाळूवर फिरवला, फेस केसांवरून नुसता ओघळू दिला, धुतला. मग तळहात भरून कंडिशनर. केस बोटांत आले आणि वळणं एकेक करून पाण्यात मऊ झाली. नाजूक केस होते, अगदी बारीक, आणि आपण ते दणकट समजून ओढले. नणंदेचे कसे होते कोण जाणे, तिच्या केसांना कोणी हात लावला होता? हे केस लेकीचे होते, आणखी कोणाचेच नव्हते. मानेपाशी एक गुंता लागला. कंगवा जवळ येताच लेकीनं दोन्ही हातांनी स्टूल घट्ट धरलं, बोटांची पेरं पांढरी झाली. तिला स्वतःला ते कळलंही नसावं. केसबाईंनी कंगवा बाजूला ठेवला. गुंता बोटांत धरून त्या थांबल्या, एक केस सुटा केला, पुन्हा थांबल्या. पाणी थेंब थेंब पडत होतं. गाडीचा वेळ जात होता, पण त्यांना जगात कुठंच जायचं नव्हतं.

नात दारात येऊन उभी राहिली होती, डोक्याला ते फडकं तसंच. ती बराच वेळ बघत होती. "आई, दुखतंय?" तिनं विचारलं.

लेकीनं डोळे उघडले नाहीत. केसबाईंची बोटं जिथं होती तिथंच राहिली. "अजून तरी नाही," लेक म्हणाली. मग पोरीला म्हणाली, "तू इथंच थांब आणि नीट बघून ठेव. बुधवारी तुझे धुताना आजीनं घाई केली, तर लगेच मला फोन करायचा."

"बरं," नात म्हणाली, आणि नीट दिसावं म्हणून दोन पावलं पुढे आली. केसबाईंना रडू आलं. डोळे पुसायला हात मोकळे नव्हते, म्हणून त्यांनी ते तसंच येऊ दिलं, आणि गुंता सोडवत राहिल्या.